शून्य बांधावर

जुलै लागला की माझ्या स्वयंपाकघरात एक दोरी बांधली जाते आणि तिच्यावर आलेख कागद वाळत पडतात. मावळात या दिवसांत काही म्हणजे काहीच कोरडं राहत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, आणि शाळेच्या कपाटातला आलेख कागद इतका मऊ झालेला असतो की कर्कटकाचं टोक त्यात रुतायच्या ऐवजी त्याला फाडत जातं. म्हणून गठ्ठाच घरी आणायचा, गॅसच्या वरच्या अंगाला चिमटे लावून टांगायचा, आणि भाकऱ्या होईपर्यंत कुरकुरीत करून घ्यायचा. आमचे हे म्हणतात, लोकांच्या घरी पापड वाळतात, आपल्याकडे चौकटी. म्हणू देत. कागद कोरडा असला की निम्मी रेषा आपोआप सरळ येते.

ही तयारी दहावीच्या पुरवणी परीक्षेची. मार्चमध्ये गणितात राहिलेल्या मुलांसाठी कार्ल्याजवळच्या आमच्या शाळेत मी उजळणीचा वर्ग घेते. तीन आठवडे, रविवार धरून. नवीन काही शिकवायचं नाही. भूमिती आणि आलेख यांतलं जे मुलं आधीच शिकली आहेत पण जे हातात टिकलेलं नाही, ते पुन्हा हातात द्यायचं. वर्ग सुरू होण्याआधी मी यादी करते. टोक केलेल्या पेन्सिली. कर्कटकाचे स्क्रू आवळायला छोटा पेचकस. हात पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे. छत्र्या ठेवायला बादली, नाहीतर पाणी बाकाखालून वाहत थेट दप्तरात जातं.

बाहेर तेव्हा निराळाच हंगाम चाललेला असतो. कार्ल्याच्या डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरतात, महामार्गावर गाड्यांची रांग लागते, लोणावळ्याच्या बाजूने भिजलेली, आनंदी माणसं येत राहतात. सगळी दुनिया आमच्याकडे पाऊस बघायला येते आणि आमची मुलं तिला कणसं भाजून देतात. वर्गात बसलेल्या मुलाच्या शर्टाला कोळशाचा आणि लिंबाचा वास असला की समजावं, हा काल गाडीवर होता. आणि मुलीच्या नखांत काळा चिखल असला की समजावं, घरी भातलावणी सुरू झाली.

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात मुलं करतात त्या चुका मी नोंदवते. नावं नाहीत, फक्त चुका. कोनमापक उलट्या बाजूने वाचून साठच्या जागी एकशे वीस लिहिणं. X आणि Y ची अदलाबदल. त्रिकोणाची उंची म्हणून तिरपी बाजूच घेऊन मोकळं होणं. चुकीपुढे कारण, कारणापुढे उपाय. वीस वर्षांत वही चांगली जाड झाली, आणि तीन वर्षांपूर्वीच्या जुलैपर्यंत मला खात्री होती की तिच्यात भर घालण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

त्या वर्षी वर्गात तिघंच होती. ओंकार, फाट्यावर कणसांची गाडी लावणारा, बडबडीत वर्गात पहिला. तबस्सुम, अबोल, जिच्या वडिलांचं रस्त्यालगत लोखंडी गेटं बनवायचं दुकान होतं. पायथागोरसचं प्रमेय म्हटलं की ती मान खाली घालायची. एक दिवस मी सहज विचारलं की तुझे वडील गेटचा कोपरा काटकोनात आहे हे कसं ठरवतात. ती म्हणाली, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि मधलं तिरपं पाच आलं की बरोबर. मी फळ्यावर तीनचा, चारचा आणि पाचचा वर्ग लिहिला. ती चक्क रागावून म्हणाली, “बाई, हे तेच आहे तर आधी का नाही सांगितलं?” मी वहीत नोंद केली.

तिसरी सुवर्णा. वय तेहतीस. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतली सून, दोन मुलांची आई. ओंकार तिला काकू म्हणायचा आणि तिच्या डब्यातली चटणी हक्काने खायचा. लग्नाआधी ती दहावीत गणितात राहिली होती आणि मग शाळा सुटलीच. त्या वर्षी तिने बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून सगळे विषय पुन्हा दिले, आणि गणित सोडून सगळे सुटले.

तिला दहावी कशाला हवी होती हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गावच्या पोलीस पाटलांची मुदत संपली होती. या खेपेला ती जागा बाईसाठी राखीव होती आणि अर्ज करायला दहावी पास असावं लागत होतं. अर्जांची शेवटची तारीख पुरवणी परीक्षेच्या निकालानंतर जेमतेम आठवड्याने येत होती. म्हणजे ही एकच संधी. मार्चची वाट बघितली तर जागा गेली, आणि एकदा भरली की ती पुढे कित्येक वर्षं रिकामी व्हायची नाही. मी विचारलं, हे काम तुला का करायचंय. ती म्हणाली, “बाई, करते तर मीच. दरडीचा निरोप आला की घरोघर मीच फिरते, कुणाचं भांडान झालं की मलाच बोलावत्यात. निस्ता शिक्का तेवढा माज्याकडं न्हाई.” ते खरंही होतं. गावात कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला माहीत होतं, आणि ते कुठं बोलायचं नाही हेही.

आता तिचे आलेख. हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आलेखावर दोन अक्ष असतात, एक आडवा, एक उभा. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे शून्य. तिथून उजवीकडे एक, दोन, तीन अशी घरं मोजत जायचं, मग वर तितकीच घरं मोजायची आणि बिंदू द्यायचा. सुवर्णाचे बिंदू सगळे चुकलेले असायचे, पण रेषा मात्र सुतासारखी सरळ. दोन रेषांचा छेदनबिंदू काढायला सांगितला तर आकृती चूक आणि खाली लिहिलेलं उत्तर बरोबर. मला वाटायचं, उत्तर शेजारच्या वहीतून येतंय. आणि शून्य किंवा ऋण संख्या आली की तिची रेषा मोडायची, ती खोडायची, पुन्हा काढायची, कागदाला भोक पडायचं. मार्चच्या पेपरात तिचा पाऊण तास याच खोडाखोडीत गेला होता. मी तिच्या सरावाच्या तीन कागदांवर लाल पेनाने शेरा दिला होता: निष्काळजी.

परीक्षा बारा दिवसांवर आली आणि सुवर्णा येईनाशी झाली. एक दिवस, दोन, तीन. फोन लागेना. ओंकारने बातमी आणली की वाडीत लावणी जोरात आहे आणि काकू सावडीत अडकल्यात. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. ज्या घराच्या बायका तुमच्या भातखाचरात उभ्या राहिल्या, त्यांच्या खाचरात तुम्हाला उभं राहावंच लागतं. आजारपण सोडलं तर त्यातून सुटका नाही, आणि परीक्षा हे काही आजारपण नव्हे. तिच्या घरची लावणी आधीच उरकली होती. आता तिला आठ घरांत उभं राहायचं होतं.

मी प्लॅस्टिकच्या फाइलीत तिचे कागद घातले आणि चौथ्या दिवशी वाडीत गेले. बांधावरून चालताना चप्पल चिखलात राहिली, ती हातात घेतली. धुकं इतकं खाली होतं की डोंगर नव्हताच. नुसता पाणी पडण्याचा आवाज होता. खाचरात आठ-नऊ बायका वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत खुंट्यांना दोरी ताणलेली, आणि दोरीला वीत-वीत अंतरावर लाल चिंध्या. प्रत्येक चिंधीखाली रोपांचा एक चूड लावायचा, ओळ झाली की दोरी मागे सरकवायची. सुवर्णा दोरीच्या टोकाला होती आणि बायकांना जागा वाटून देत होती. खुंटीजवळच्या पहिल्या चिंधीला हात लावून ती म्हणाली, “एक ते आठ जाऊबाई. नऊ ते सोळा मावशी.”

मी काय सांगायला आले होते ते सगळं सांगितलं. परीक्षा किती दिवसांवर, किती घटक बाकी, रोज किती तास लागतील. यादी वाचूनच दाखवली. बायका कमर सरळ करून ऐकत होत्या. सुवर्णाच्या सासूबाई, साठीच्या पुढच्या, हातातला चूड न ठेवता म्हणाल्या, “बाई, तुमचं खरं हाय. पण पावसाला बी सांगा की, जरा पुढल्या म्हैन्यात ये म्हनावं.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग हट्टाने मी तिचा आलेख बाहेर काढला. म्हटलं, निदान एक बिंदू तरी आत्ता माझ्यासमोर दे. चिखलाचा हात कागदाला लागू नये म्हणून तिने बोट वरच्या वर धरलं आणि मोजू लागली. अक्षावरच बोट रोखून म्हणाली, एक. पुढच्या रेषेवर, दोन.

मी तिला थांबवलं. दोरीकडे बघितलं. खुंटीजवळच्या त्या पहिल्या चिंधीकडे बघितलं.

“सुवर्णा, मग शून्य कुठंय?”

“शून्य बांधावर, बाई,” ती म्हणाली, जणू मी काहीतरी अगदीच बाळबोध विचारलं होतं. “तितं काय लावायचं?”

“आणि उणे एक?”

“ते शेजारच्यांचं खाचार.”

बांधावर उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. ती घरं मोजत नव्हती, चूड मोजत होती. बांधालगतचा पहिला चूड एक, हे तिच्या हाताला लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे तिचा प्रत्येक बिंदू एक घर मागे आणि एक घर खाली पडत होता. सगळेच सारखे सरकत, म्हणून रेषा सरळ. छेदनबिंदू वाचतानाही ती तसंच एकपासून मोजायची, म्हणून उत्तर बरोबर. बघून लिहिलेलं काहीच नव्हतं. शून्य आलं की तिला कागदावर जागा नव्हती आणि ऋण संख्या आली की ती परक्या शेतात शिरायला बिचकायची. फाइलीत माझ्या अक्षरातला तो शब्द तीन कागदांवर लाल दिसत होता. इतक्या काळजीने, एकही चूड न चुकवता मोजणाऱ्या बाईला मी निष्काळजी म्हटलं होतं.

मी चप्पल बांधावर ठेवली आणि साडी वर खोचून खाचरात उतरले. खुंटीपासून पाचव्या चिंधीपर्यंत किती वीत अंतर आहे ते मोजायला सांगितलं. चूड मोजायचे नाहीत, वीत मोजायची. तिने हात पसरून मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजलं. चारच.

“पाचवा चूड चार वितांवर?” ती स्वतःशीच म्हणाली. मग खुंटीजवळ गेली, पहिल्या चिंधीपाशी वाकली. “म्हंजे ह्यो पयला शून्य वितांवर.”

“हो. आणि उणे दोन म्हणजे बांधापलीकडे दोन वीत.”

“तितं पाय ठिवलास तर भांडान व्हईल,” सासूबाई म्हणाल्या.

“कागदावर न्हाई व्हत, आत्या,” सुवर्णा म्हणाली, आणि ती हसत नव्हती.

सावड काही सुटली नाही. मी दोन घरी बोलून बघितलं, दोघींनी चहा दिला आणि नकाराची मान हलवली. तेव्हा मी वेळ बदलली. माझ्या घरून, बेगडेवाडीहून, पहाटेची पहिली लोकल, मळवलीला उतरायचं, तिथून भरभर चालत वाडी. साडेसहा ते आठ वाडीतल्या शाळेच्या ओट्यावर वर्ग, आठला सुवर्णा खाचरात. तबस्सुम वडिलांच्या मोटारसायकलवर यायची. ओंकार येणार नाही असं मी धरून चालले होते. तो सगळ्यांच्या आधी यायचा. पहिल्या दिवशी तिघांनाही एकच बिंदू द्यायला सांगितला आणि बघते तर ओंकारही अक्षापासून एक मोजत होता. त्याच्याही आजोळी भात. मागच्या वर्षांचे ठेवलेले कागद घरी काढून बघितले, त्यांत आणखी चार-पाच जण तसेच सापडले. ती पोरं आता कुठं कुठं कामाला आहेत. त्यांच्या कागदांवरचाही शेरा माझाच होता. निष्काळजी हा शब्द वहीतल्या कारणांतूनही मी त्या दिवशी काढून टाकला आणि पुन्हा वापरलेला नाही.

त्या सकाळी मला अजून वासासकट आठवतात. रोपांचा हिरवा, कच्चा वास सुवर्णाच्या हातांना कायमचा बसलेला. दिवसभर पाण्यात राहून तिची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली असायची, कर्कटक निसटायचं. तिने त्याला साडीच्या काठाची चिंधी गुंडाळली. वर्तुळ पूर्ण झालं की ती त्यावर फुंकर मारायची. सासूबाई रोज चहा आणून द्यायच्या आणि रोज विचारायच्या की आकडं पेरून भात कधी यायचं. पाचव्या दिवशी नवीनच गोंधळ झाला. आता तिला सगळीकडेच एक कमी करायची सवय लागली. मी विचारलं, त्रिकोणाला बाजू किती? ती विचार करून म्हणाली, दोन. ओंकार ओट्यावरून खाली पडेपर्यंत हसला. ती मात्र शांतपणे म्हणाली, “थांब रं. बाजू मोजायच्या त्या मोजायच्या. अंतर मोजायचं ते शून्यापास्नं. आलं ध्यानात.” इतकं नेमकं मी वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

उजळणी म्हणजे विसरलेलं आठवून देणं, असं मी तोवर समजत होते. या तिघांनी काहीच विसरलेलं नव्हतं. तबस्सुमला काटकोन येत होता, सुवर्णाला ओळ आणि रांग येत होती. त्यांचं मोजणं माझ्या मोजण्याच्या आधीपासून चालू होतं, आणि ते कुठून सुरू होतं हे विचारायला मी कधी थांबलेच नव्हते. आता वर्ग सुरू होतो तेव्हा पहिला दिवस मी प्रश्न विचारण्यात घालवते. तू घरी काय मोजतेस, कसं मोजतोस, पहिलं कुठं धरतेस. वेळ जातो. पण तो वेळ वसूल होतो, हे मी अनुभवाने सांगते.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी तिची शेवटची सावड होती. ती संध्याकाळपर्यंत वाकलेली होती आणि सकाळी परीक्षाकेंद्रावर धुतलेल्या हातांनी उभी होती. बाहेर आल्यावर मी नेहमीप्रमाणे प्रश्नपत्रिका मागितली. आलेखाच्या प्रश्नात एक बिंदू उभ्या अक्षावरच होता आणि एक तिसऱ्या चरणात. ती म्हणाली, “शेजारच्या खाचरात गेलते, बाई. कुणी काय बोललं न्हाई.”

शंभरपैकी छत्तीस. निकाल मीच मोबाइलवर बघितला आणि तिला फोन केला तेव्हा ती बेणणीला, भातातलं तण काढायला, गेली होती. सासूबाईंनी फोन घेतला, किती मार्कं ते दोनदा विचारून घेतलं आणि शेतात हाक मारली. अर्ज वेळेत गेला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि दिवाळीच्या सुमारास गावाला सुवर्णा पोलीस पाटील मिळाली. तबस्सुम पुढे आयटीआयला गेली. ओंकार बत्तिसावर अडकला, पुन्हा मार्चला बसला आणि पास झाला. तिन्ही नोंदी वहीत आहेत.

या सोमवारी यंदाचा वर्ग सुरू झाला. पाच जण यायचे होते, तिघं आली. न आलेल्या दोन्ही मुली सुवर्णाच्या वाडीतल्या, आणि का आल्या नाहीत ते विचारायची गरज नव्हती. पाऊस दणकून लागला होता. मी संध्याकाळी वाडीत जायचं ठरवून टाकलं होतं. साडेदहाच्या सुमाराला दारात सुवर्णा उभी राहिली, मागे त्या दोघी, एकीच्या पोटरीपर्यंत चिखल अजून ओला.

“बाई, ह्या पेपर होईस्तवर रोज येतील. दोगींच्या घरी बोलून आले मी.”

मी म्हटलं, घरचे तयार झाले? आणि सावडीचं काय?

“ती मी फेडतीय. ह्यांच्या जागी मी उभी ऱ्हानार.”

मी म्हटलं, अगं, तू पोलीस पाटील. चार लोक काय म्हणतील?

“म्हनू द्या,” ती म्हणाली. “माज्या टायमाला गावातनं बोलायला कुनी न्हवतं.”

तिने दोघींना पाठीवर हात ठेवून आत ढकललं, पदर खोचला आणि पावसात निघाली, कारण दुसऱ्या कुणाच्या खाचरात बायका दोरी ताणून तिची वाट बघत होत्या. मी त्या दोघींना पुसायला फडकं दिलं, पहिल्या बाकावर बसवलं, आणि विचारलं की घरी त्या काय काय मोजतात.